आधी ऐका, मग निकाल द्या!



आज आम्ही पगारवाढीवर बोलणार नाही, बोनसवर नाही, महागाई भत्त्यावरही नाही. आज एका कागदावर बोलायचे आहे. पाळी सुटायची वेळ असते, अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले असतात आणि तेवढ्यात हाक येते, "साहेबाने बोलावलंय!" ऑफिसात गेले की एक कागद पुढे सरकवतात. "हं, इथे सही कर." कागदावर लिहिलेले असते की अमुक तारखेला अमुक पाळीत आपण वरिष्ठांशी उद्धटपणे वागलात, सबब आपणांस कामावरून का काढू नये याचा खुलासा करावा. या कागदाचे नाव चार्जशीट.

साच्यावरचा धागा तुटला तर तो कसा सांधायचा हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण हा कागद हातात पडला की वीस-वीस वर्षे साचे सांभाळलेला माणूससुद्धा गांगरतो. कोणी म्हणतो, माफी लिहून दे, साहेब सोडून देईल. कोणी म्हणतो, सहीच करू नकोस. मुकादम म्हणतो, मी बघतो. मग चार दिवसांनी चौकशी होते. चौकशी म्हणजे काय? ज्याने तक्रार केली तोच टेबलापलीकडे बसतो, तोच विचारतो, तोच लिहितो आणि तोच मान हलवतो. महिन्याभराने दुसरा कागद येतो: बडतर्फ! हातावर पोट असलेल्या माणसाचे खोलीचे भाडे, पोराची शाळा, गावाकडे पाठवायचे पैसे, सगळे त्या एका शब्दात गेले.

मुंबईतल्या बहुतेक गिरण्यांची धुराडी १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थंड झाली आणि त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, हे आपण डोळ्यांनी पाहिले. पण इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात, सोलापुरात साचे आजही खडखडत आहेत. हा कागद तिथेही निघतो. जिथे कागदसुद्धा निघत नाही तिथले दुखणे आणखी वेगळे. त्याच्याकडे आम्ही शेवटी येऊ.

आता कोणी विचारील, मालकाची गिरणी, मालकाचा पगार, मग कोणाला ठेवावे आणि कोणाला काढावे हे मालकाने का ठरवू नये? ठरवू दे की! पण कसे ठरवले हे विचारायचा हक्क आपला आहे. कोर्टाच्या भाषेत याला नैसर्गिक न्याय म्हणतात. नाव भारदस्त, पण गोष्ट घरातली आहे. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्या, आणि ज्याचे भांडण त्यानेच निवाडा करू नये. बस्स, एवढेच. दोन पोरे भांडत आली तर आई दोघांनाही विचारते, मग कोणाच्या पाठीत धपाटा घालायचा ते ठरवते. गावच्या पारावरचे पंचसुद्धा आरोपीला समोर उभा करून विचारीत. (पंच नेहमी न्यायानेच वागले असे आमचे म्हणणे नाही. गावकीने गरिबाला आणि दलिताला कसे वागवले ते आपण विसरलेलो नाही.)

हे तत्त्व कोर्टात कसे उतरते याची एक गोष्ट ऐका. उत्तर प्रदेशातला एक पोलीस हवालदार. त्याच्यावर ठपका आला की त्याने खोटा कागद दाखवून प्रशिक्षणासाठी आपली निवड करून घेतली. चौकशीला बसले जिल्ह्याचे पोलीस सुपरिंटेंडेंट. एक साक्षीदार उलटला. आता काय करायचे? साहेब खुर्चीवरून उठले आणि दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे आपली स्वतःचीच साक्ष नोंदवून घेतली. मग पुन्हा खुर्चीवर येऊन बसले आणि साक्ष कोणाची खरी याचा निकाल दिला. कोणाची खरी ठरली असेल? १९४८ साली हवालदार बडतर्फ झाला. खटला दिल्लीला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९५७ साली निकाल लागला. कोर्टाने साहेबांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. जो साक्षीदार झाला त्याने न्यायाधीश होऊ नये, असली चौकशी ही चौकशीच नव्हे, असे स्वच्छ सांगितले.

आपण म्हणाल, चला, हवालदाराला नोकरी परत मिळाली. नाही मिळाली! बहुमताचा निकाल सरकारच्या बाजूने गेला. कारण काय? तर बडतर्फी १९४८ ची आणि संविधान लागू झाले २६ जानेवारी १९५० ला. ज्या कलमाखाली हायकोर्टाने त्याला दाद दिली होती ते कलमच बडतर्फीच्या वेळी जन्माला आलेले नव्हते, आणि संविधान मागच्या काळाला लागू पडत नाही. न्यायमूर्ती विवियन बोस यांना हे पटले नाही. त्यांनी वेगळा निकाल लिहिला, न्यायाच्या वाटेत असला तांत्रिक आडदांडा नको म्हणाले. ते एकटे पडले.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम पहिल्यांदा सांगितली. कोर्ट आपल्या बाजूचे बोलते आणि तरी माणूस रिकाम्या हाताने घरी जातो, हे कामगाराने डोक्यात पक्के धरले पाहिजे. जे पुढारी सभेत सांगतात की 'कायदा आपल्या बाजूचा आहे, घाबरू नका', ते अर्धेच सांगतात.

आता गिरणीतल्या, कारखान्यातल्या चौकशीकडे वळू. १९६३ साली सुप्रीम कोर्टाने एकाच वर्षात कामगारांच्या दोन खटल्यांचे निकाल दिले. एक उत्तर बंगालमधल्या मीनग्लास चहाच्या मळ्याचा. तिथे मजुरांनी साहेबांना मारहाण केल्याचा आरोप होता. चौकशी कोणी केली? तर त्या प्रसंगाला स्वतः हजर असलेल्या साहेबमंडळींनी! एकही साक्षीदार मजुरांच्या समोर उभा केला नाही. मजुरांना एकेक करून आत बोलावले आणि विचारले, तू का केलेस? म्हणजे गुन्हा झाला हे आधीच धरून चालले आणि मजुराने आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करायचे. कोर्टाने ही चौकशी मोडीत काढली. आपल्याविरुद्ध जे काही चालले आहे ते आपल्या पाठीमागे होणार नाही, ही खात्री माणसाला मिळाली पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा.

दुसरा खटला सूर एनॅमल कारखान्याचा. चौकशी कधी खरी म्हणावी हे त्यात कोर्टाने अगदी चुलीवरच्या भाकरीसारखे थापून दाखवले. आरोप काय तो कामगाराला स्पष्ट कळवला पाहिजे. 'बेशिस्त वर्तन' एवढे लिहून भागत नाही. कोणत्या दिवशी, कोणाशी, काय बोललास ते सांगा. साक्षीदार त्याच्या समोर तपासा. त्याला उलट प्रश्न विचारू द्या. त्याला स्वतःचे साक्षीदार आणू द्या आणि स्वतः बोलू द्या. आणि शेवटी चौकशी करणाऱ्याने आपला निष्कर्ष कारणांसह लिहून काढला पाहिजे.

यातला उलट प्रश्न विचारायचा हक्क आपली माणसे सर्वांत जास्त वाया घालवतात. मुकादमाला त्याच्या तोंडावर प्रश्न विचारायचा म्हणजे भीड वाटते, उद्या त्याच खात्यात त्याच्याच हाताखाली उभे राहायचे असते. आणि आपला माणूस प्रश्न विचारायच्या ऐवजी भाषण करतो किंवा चिडतो. चिडू नका. साधे विचारा: तुम्ही त्या वेळी कुठे उभे होता? साचे चालू होते का? चालू होते तर दोन हातांवरचा शब्द ऐकू येत नाही, मग मी काय बोललो ते तुम्हांला पाच साच्यांपलीकडून कसे ऐकू आले? असा एक प्रश्न आणि त्याचे उत्तर कागदावर उतरले तर ते पुढे कोर्टात वकिलाच्या तासाभराच्या भाषणाला भारी पडते. उतरले की नाही हे सही करण्यापूर्वी बघा. उतरले नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा की माझा प्रश्न नोंदवलेला नाही.

सोबत कोणी न्यावा? १९६५ च्या डनलॉपच्या खटल्यात कोर्ट म्हणाले की स्टँडिंग ऑर्डरमध्ये तशी तरतूद असेल तरच युनियनचा माणूस बरोबर आणायचा हक्क आहे. म्हणून आपल्या कारखान्याच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये काय लिहिले आहे ते आजच बघून ठेवा. चार्जशीट आल्यावर शोधाशोध करू नका. पण मालकाने कायद्याचे शिकलेले लोक बसवायचे आणि समोरच्याला वकील नाकारायचा, हे चालणार नाही, असेही त्याच कोर्टाने पुढे ठरवले. तो खटला आपल्या मुंबईच्या पोर्ट ट्रस्टचा, निकाल १९८३ च्या रिपोर्टात छापलेला आहे. पोर्ट ट्रस्टच्या बाजूने दोन कायदेपंडित आणि पलीकडे एकटा नोकर. पैलवानाची कुस्ती पोराशी लावायची आणि वर म्हणायचे, आखाडा तर दोघांना सारखाच आहे!

आता भाषेची गोष्ट. ती या व्यासपीठावरून बोलायलाच हवी.

१९०८ सालच्या जुलै महिन्यात मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. गुन्हा कोणता? केसरीतले लेख. ते लेख मराठीत. आणि निवाडा करायला नऊ जणांची ज्यूरी बसवली, त्यात सात युरोपियन. ज्या लेखांबद्दल माणसाला काळ्या पाण्याला धाडायचे ते लेख त्यांना मुळात वाचताच येत नव्हते! त्यांच्या हातात सरकारी भाषांतर. मराठी शब्दाला इंग्रजी शब्द कोणता लावला यावर माणसाची सहा वर्षे लटकलेली. टिळकांनी कोर्टात दिवसच्या दिवस उभे राहून त्या भाषांतरातल्या चुका दाखवल्या. निकाल सात विरुद्ध दोन. ते दोन हिंदी होते. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेला. टिळकांचे सगळे लेख काही आपल्या पणजोबांनी वाचलेले नव्हते, पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. पण ज्याला आपली भाषा कळत नाही तो आपला न्याय करतो, हे त्यांना न वाचता कळले.

म्हणाल, ते साहेबाचे राज्य होते. मग स्वराज्यातली गोष्ट ऐका, आणि तीही महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची. १९६१ साली नागपूरच्या एका माणसाला स्थानबद्ध केले. स्थानबद्धतेची कारणे त्याला दिली ती इंग्रजीत. तो म्हणाला, मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. अधिकारी म्हणाले, अधिकृत भाषा इंग्रजी आहे, आणि पोलिसाने तुम्हांला तोंडी समजावून सांगितले आहे. माणूस सुप्रीम कोर्टात गेला. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल १९६२ चा. कोर्टाने सांगितले, कागद हातात ठेवला म्हणजे कळवले असे होत नाही. माणसाला त्याविरुद्ध अर्ज करता यावा इतके नीट, त्याला समजेल त्या भाषेत आणि लिपीत दिले तरच कळवले. माणूस सुटला.

बंधूंनो, हा निकाल स्थानबद्धाचा आहे, चार्जशीटचा नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण त्यातले तत्त्व चार्जशीटला लागू करा असे म्हणायला कोणाची भीती? १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्सच्या कायद्यातसुद्धा लिहिलेले होते की नियम इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फाटकाजवळ फळ्यावर लावावेत. नियम माझ्या भाषेत आणि नियम मोडल्याचा आरोप दुसऱ्याच्या भाषेत, हा कुठला हिशेब? म्हणून इंग्रजी कागद पुढे आला की पोचेची सही करा, पण वर लिहा: मजकूर समजला नाही, मराठी प्रत मिळावी. आणि आपल्या शेजारच्या साच्यावर उत्तर प्रदेशचा किंवा ओरिसाचा भाऊ असेल तर त्याच्यासाठी हिंदी, उडिया मागा. मराठीचा हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याच्या भाषेचा हक्क नाकारला तर आपल्या मागणीत दम उरणार नाही.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झाले, राजभाषेचा कायदा १९६४ चा, आणि खालच्या कोर्टांची भाषा मराठी अशी अधिसूचना निघाली ती १९९८ साली. हायकोर्टात आजही कारभार इंग्रजी. राज्य मिळवायला रक्त सांडले, पण राज्याच्या कागदावर आपली भाषा यायला किती उन्हाळे-पावसाळे गेले ते मोजा.

सरकारी कचेरीचेही दोन शब्द बोलून घेऊ, कारण कामगाराचे आयुष्य गिरणीच्या फाटकाशी संपत नाही. रेशन, खोली, फेरीचा परवाना, सगळीकडे कोणीतरी खुर्चीत बसून ठरवीत असतो. १९६९ चा काश्मीरचा एक खटला आहे. वनखात्यात वरच्या जागांसाठी निवड होती. निवड समितीत बसलेला अधिकारी स्वतःच एक उमेदवार! त्याचे नाव निघाले तेव्हा तो बाजूला झाला म्हणे, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची नावे निघाली तेव्हा जागेवरच होता. यादीत पहिले नाव त्याचेच. कुंपणच शेत खाते ते असे. कोर्टाने निवड रद्द केली, आणि कचेरीतला कारभारी निर्णयही न्यायानेच झाला पाहिजे असे सांगितले. १९८५ साली आपल्या मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्यांचा निकाल लागला. महापालिकेच्या कायद्यात नोटीस न देता अतिक्रमण हटवायचा अधिकार होता. कोर्ट म्हणाले, अधिकार आहे म्हणून नोटीस द्यायचीच नाही असा अर्थ नाही. साधारणपणे माणसाला विचारलेच पाहिजे, कारण ऐकून घेणे हा माणसाचा मान आहे. उत्तम! पण शेवटी झोपड्यांना मिळाले काय? पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत.

म्हणून पुन्हा तेच विचारतो: चौकशी खोटी ठरली तर नोकरी परत मिळते का? सरळ नाही. १५ डिसेंबर १९७१ पासून औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ कलम आले. त्यापूर्वी चौकशी वरवर ठीक दिसली की ट्रायब्युनलचे हात बांधलेले असत. या कलमाने पुरावा पुन्हा तपासायचा आणि शिक्षा कमी करायचा अधिकार ट्रायब्युनलला मिळाला. पण १९७३ च्या फायरस्टोन निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले की चौकशी सदोष असली, अगदी झालीच नसली, तरी मालकाला ट्रायब्युनलपुढे नव्याने पुरावा आणता येईल. म्हणजे गिरणीत चौकशीचे नाटक करा, पकडले गेलात तर कोर्टात पुन्हा प्रयोग लावा! १९९३ साली ठरले की चौकशीचा अहवाल शिक्षेआधी कामगाराला द्यायलाच हवा, सरकारी असो वा खासगी. पण दिला नाही म्हणून आपोआप नोकरी परत नाही, अहवाल न मिळाल्याने तुझे काय बिघडले ते दाखव. कायद्याच्या पंडितांना हे रास्त वाटते. आम्हांला वाटत नाही. दंड न होता नियम मोडता येत असेल तर तो नियम मालक कशाला पाळील?

आणि तोवर खायचे काय? निलंबित माणसाला पहिले ९० दिवस निम्मा आणि पुढे पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळावा असे १९८२ च्या दुरुस्तीने ठरले. तो का महत्त्वाचा, हे कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या खटल्यात दिसले. खाणीच्या एका सुरक्षा अधिकाऱ्याला निलंबित केले, भत्ता दिला नाही, तो केरळातल्या घरी आजारी. चौकशी कोलारला. गाडीभाड्याला पैसे नाहीत, म्हणून हजर नाही. हजर नाही, म्हणून एकतर्फी बडतर्फ. १९९९ साली सुप्रीम कोर्टाने त्याला कामावर परत घ्यायला लावले. उपाशी ठेवून 'ये आणि बचाव कर' म्हणणे याला सुनावणी म्हणत नाहीत.

आमच्या स्वतःच्या घराकडेही बोट दाखवतो. युनियनच्या कमिटीत एखाद्याला 'मालकाचा माणूस' म्हणून काढायचे असते, तेव्हा आपण त्याला समोर बोलावतो का? की चहाच्या टपरीवर निकाल लागतो आणि सभेत नुसता जाहीर होतो? मालकाकडे जे मागायचे ते आधी कमिटीच्या टेबलावर दिसू द्या.

आता शेवटच्या दुखण्याकडे येऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. जुन्या केंद्रीय कायद्यात १०० कामगारांच्या कारखान्याला स्टँडिंग ऑर्डर लागू होत. संहितेत हा आकडा ३०० झाला. भिवंडीच्या किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये ३०० माणसे एका मालकाच्या नावावर कुठे दिसतात? तिथे चार्जशीट नाही, चौकशी नाही. सकाळी पाळीला गेले की साच्यावर दुसराच माणूस उभा दिसतो, हाच निकाल. अशा ठिकाणी कागद मालक करणार नाही, आपल्यालाच करावा लागेल. कामावर कधी लागलो, कोणत्या साच्यावर, पगार किती आणि कोणाच्या हातून मिळाला, काढले कोणत्या दिवशी आणि कोण काय म्हणाले, हे वहीत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या, तारीख घाला, शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. चौकशी न करता काढलेल्या माणसाला कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो की तू तिथे कामाला होतास याला पुरावा काय.

सभा संपल्यावर व्यासपीठाच्या उजव्या बाजूला आमचे दोन कार्यकर्ते टेबल टाकून बसणार आहेत. ज्याच्या खिशात असा एखादा लिफाफा आहे त्याने तो आजच त्यांना दाखवावा. खुलाशाच्या मुदतीतले दिवस सभेसाठी थांबत नसतात.